मूळसिंचनाचा दृष्टांत



लहानपणी पाठशाळेत आमच्याकडून अमरकोश पाठ करून घेतला गेला. अर्थ मागाहून कळेल, आधी मुखोद्गत होऊ द्या, अशी गुरुजींची शिस्त होती. त्या कोशाच्या दुसऱ्या कांडात वनौषधिवर्ग आहे आणि त्यात झाडाची जी अनेक नावे सांगितली आहेत त्यांत 'महीरुह' आहे, म्हणजे भूमीवर वाढणारा. 'शाखी' आहे, म्हणजे फांद्या असणारा. आणि 'पादप' आहे, म्हणजे पायांनी पिणारा. या तिसऱ्या नावाचे आम्हा पोरांना भारी हसू येई. विहिरीच्या थारोळ्यात पाय सोडून बसायचे आणि गुरुजी आले की सांगायचे, "गुरुजी, आम्ही पादप झालो." एकदा गुरुजी म्हणाले, "पाय बुडवलेत खरे, पण तहान लागली की तोंड लावाल. झाड व्हायला अजून अवकाश आहे." तो विनोद तेव्हा तिथेच संपला. शब्द मात्र डोक्यात राहिला, आणि झाड म्हणजे खालून पिणारे, खालून खाणारे, खालच्या बळावर वर उभे राहिलेले, अशी आमची समजूत कायमची झाली.

पुढे कीर्तनाला उभे राहू लागलो. श्रीमद्भागवताच्या चौथ्या स्कंधात नारदांनी प्रचेतसांना केलेला उपदेश आहे, त्यात मूळसिंचनाचा दृष्टांत येतो. झाडाच्या मुळाशी पाणी घातले म्हणजे खोड, फांद्या, डहाळ्या सगळी तृप्त होतात, तसे एका अच्युताचे पूजन घडले म्हणजे सगळ्यांचे पूजन घडते, असा त्याचा भाव. किती सोपा आणि किती सुंदर दृष्टांत! शेतकऱ्यापुढे सांगा, लगेच मान हलते. आम्ही तो चाळीस वर्षे सांगितला. सांगता सांगता त्याला आमच्या पदरचे एक शेपूट जोडले. आम्ही म्हणत असू, "मूळ देते, पान घेते. मूळ म्हणजे देव, पान म्हणजे जीव. पानाने घेण्यावाचून काही करायचे नाही." हे शेवटचे भागवतात नाही. पण टाळ्या तिथेच पडत, म्हणून ते राहिले. कीर्तनकाराला टाळीचा मोह किती वाईट, हे बाकीच्यांना काय सांगावे!

या शेपटाने काय केले तेच आज लिहावयाचे आहे.

भीमेच्या काठच्या एका गावी आम्ही दरवर्षी वैशाखातल्या सप्ताहाला जातो. विठ्ठलमंदिरापुढे पिंपळ आहे. फार जुना नव्हे, गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत लावलेला. भोवती दगडामातीचा पार होता, एखादा दगड हलायचा, सांध्यांतून गवत यायचे, पावसाचे पाणी जिरून जायचे. २०१४ च्या सप्ताहात आम्ही काल्याच्या आदल्या दिवशी हाच दृष्टांत सांगितला आणि भरात येऊन म्हणालो, "या पिंपळाचे मूळ सांभाळा. त्याला असे पक्के करून द्या की शंभर वर्षे धक्का लागायला नको." लगेच एका सज्जनाने उठून देणगी जाहीर केली. वर्षाच्या आत जुना पार काढून खाली कोबा आणि वर शहाबादी फरशी असे काम झाले. थेट खोडापर्यंत, आणि प्रदक्षिणेला ऐसपैस जागा हवी म्हणून बाहेर फांद्यांच्या सावलीच्याही पलीकडे. कर्णा बांधण्यासाठी पूर्वेकडच्या मोठ्या फांदीला लोखंडी तार आवळून टाकली. देणगीदाराच्या नावाची शिळा बसली. नारळ आमच्या हातून फुटला. आम्ही तेव्हा फार समाधान पावलो.

२०१८ च्या वैशाखात गेलो तर पिंपळाचे शेंडे उघडे. पिंपळ चैत्रात तांबूस कोवळ्या पालवीने कसा लवलवतो, आणि वैशाखापर्यंत कसा गर्द होतो, ते काय सांगायला हवे? इथे वरच्या फांद्या वाळून काटक्या झालेल्या. असलेली पाने लहान, पिवळट. एक ती पूर्वेकडची फांदी मात्र हिरवीगार, आणि फळांनी अशी लगडलेली की पाखरांची रीघ. आम्ही तिच्याकडे बोट दाखवून म्हणालो, "देवाची कृपा आहे, झाड उभारी धरते आहे."

रात्री कीर्तन झाले. बुक्का लावून माणसे पांगली. एक वृद्ध गृहस्थ मागे राहिले. डाळिंबाच्या बागांतून गुटी कलमे बांधण्याचे काम त्यांनी जन्मभर केले. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात.

"महाराज, एक इचारू का? रागावू नगा."

"विचारा की तात्या."

"आमी गुटी बांधताना फांदीची बोटभर साल गोल काढतो. वर ओलं शेवाळ गुंडाळतो. महिना-दीड महिन्यानं मुळ्या फुटत्यात. त्या सालीच्या वरच्या कडंला फुटत्यात, खालच्या कडंला न्हाई. मूळ जर खालून देतंय, तर मुळ्या वरल्या अंगाला का?"

आम्ही गप्प. व्याकरण, न्याय, थोडा वेदांत, सगळे शिकलो होतो. या प्रश्नाला त्यातले काहीच उपयोगी पडेना.

तात्याच पुढे म्हणाले, "पान करतंय, ते सालीतनं खाली जातंय. साल तोडली की तिथं अडतंय, साठतंय, म्हणून तिथं मुळी फुटती. ती उगवतीकडची फांदी बघा सकाळी. तारेनं साल चिमटून गेलीया. ती हिरवी दिसतीया, कारन ती एकटी जेवतीया. तिनं केल्यालं खाली जाईना. आन मुळं? त्यांच्यावर तर तुमी फरशी घातली. झाडाचं नाक पायात असतंय, महाराज."

त्या रात्री झोप आली नाही. दुसरेही एक कारण होते. आमचे वडील वारले तेव्हा आम्ही परगावी सप्ताहात होतो. तेथे आमचा मोठा सत्कार झाला होता. एकटी जेवणारी हिरवी फांदी ऐकली आणि ते आठवले. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

सकाळी तात्यांबरोबर झाडाखाली गेलो, आणि घरी परतल्यावर नातवाचे विज्ञानाचे पुस्तक मागून घेतले. त्यात मूळ, खोड, पान, फूल, फळ, बीज असे एकेक अवयव चित्रांसह दिले आहेत. मुले ते परीक्षेपुरते वाचतात. आम्ही साठीत वाचले म्हणून असेल, आम्हाला ते उपनिषदासारखे वाचावे लागले. त्यातून आणि तात्यांच्या बोलण्यातून जे उमगले ते आता क्रमाने निवेदन करतो.

प्रथम मूळ. मुळाची दोन कामे कोणीही सांगेल, झाडाला जमिनीत धरून ठेवणे आणि पाणी ओढणे. पण पाणी ओढते ते जाड मूळ नव्हे. ते नुसता वाहतो. ओढणाऱ्या असतात टोकाकडच्या कोवळ्या बारीक मुळ्या, आणि त्यांच्यावरची डोळ्यांना जेमतेम दिसणारी लव, जिला पुस्तकात मूलरोम म्हटले आहे. मातीच्या कणांमध्ये शिरून पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार तीच घेते. या बारीक मुळ्या खोल पाताळात असतात असा आपला समज. प्रत्यक्षात बहुतेक मुळ्या वरच्या हात-दीड हात मातीतच पसरलेल्या असतात, आणि फांद्यांच्या सावलीबाहेरही दूरवर गेलेल्या असतात. का? तर हवा तिथेच. मुळी जिवंत आहे, काम करते, म्हणून तिला प्राणवायू लागतो, आणि तो तिला मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मिळतो. वर कोबा ओतला, माती दाबून घट्ट केली, की पाणीही बंद आणि श्वासही बंद. शेतात पाणी तुंबले की पीक पिवळे पडते, तेही याचसाठी, पाणी अपार आणि श्वास नाही. तात्यांनी 'पायात नाक' म्हटले ते किती नेमके होते पाहा. अमरसिंहाने झाडाला पायाने पिणारा म्हटले. तात्यांनी त्याला पायाने श्वास घेणाराही केले.

आळंदीस अजानवृक्षाची मुळी ज्ञानोबारायांच्या कंठास लागली आणि ती काढण्यासाठी नाथमहाराजांना स्वप्नात आज्ञा झाली, ही कथा वारकऱ्याला सांगावी लागत नाही. आम्ही त्या कथेतला भाव पुष्कळदा सांगितला, पण मुळीकडे कधी पाहिले नव्हते. मुळीला कंठ कळत नाही. ओलावा कळतो, पोकळी कळते, तिकडे ती जाते. टोकाला तिच्या एक टोपी असते, माती घासून झिजते, पुन्हा नवी होते, आणि तिच्या आडून मुळी पुढे सरकत राहते. बोलवाल तिथे येईल, कोंडाल तिथे मरेल.

दुसरे खोड. बाहेरून पाहता खोड म्हणजे खांब. आत मात्र दोन वाटा आहेत. आतल्या लाकडातून पाणी वर चढते, त्या नळ्यांना जलवाहिन्या म्हणतात. सालीच्या आतल्या ओल्या थरातून पानात तयार झालेला गोड रस खाली आणि जिकडे हवा तिकडे जातो, त्या रसवाहिन्या. चंद्रभागेच्या वाळवंटाकडे जाणारी आणि तिथून परतणारी माणसे एकाच बोळातून जातात तेव्हा कशी गर्दी होते! झाडाने तसे केले नाही, जाण्याची वाट वेगळी ठेवली, येण्याची वेगळी. बृहदारण्यकात याज्ञवल्क्यांनी माणसाला झाडाची उपमा दिली आहे: केस ती पाने, त्वचा ती साल, रक्त तो चीक, हाडे ती लाकूड. त्यातही सालीच्या आतल्या थरांना वेगवेगळी नावे देऊन त्यांना मांस आणि स्नायू म्हटले आहे. म्हणजे त्या ऋषींनी साल सोलून पाहिली होती. आम्ही नुसती उपमा पाठ केली.

सतराव्या शतकात इटलीतील मालपिघी नावाच्या वैद्याने झाडाच्या सालीचे कडे काढून पाहिले, तर कड्याच्या वरच्या बाजूला साल फुगली. तात्यांची गुटी तीच. आमच्या पिंपळाच्या फांदीवरही तेच घडले होते. तारेच्या वर वळकटीसारखी गाठ, तारेच्या खाली फांदी बारीक. आणि यात फसगत अशी की साल तुटली तरी पाणी लाकडातून वर जातच राहते, म्हणून पान हिरवे राहते. उलट खाली जाणारे अन्न वरच अडल्यामुळे फांदी अधिकच सुखवस्तू दिसते. पूर्ण खोडाला असे कडे पडले, तर मुळे उपाशी पडून झाड मरते, पण ते लगेच दिसत नाही. महिने जातात, कधी वर्ष जाते. तोवर येणारा-जाणारा म्हणतो, झाड छान आहे.

आणि पाणी इतके उंच चढते कसे? झाडाला हृदय नाही, रहाट नाही, मोट नाही. पानाच्या पाठीवर, विशेषतः खालच्या अंगाला, बारीक रंध्रे असतात. त्यांतून वाफ बाहेर जाते आणि तिच्या ओढीने मागचे पाणी वर येते. पाण्याचा कण कणाला धरून असतो, त्यामुळे मुळापासून शेंड्यापर्यंत अखंड धार राहते. वारीत एकाने पुढे पाऊल टाकले की मागची सारी दिंडी सरकते, तसे. मोठे झाड उन्हाच्या दिवसात शेकडो लिटर पाणी असे हवेला देऊन टाकते. देते म्हणून येते. राखून ठेवील तर खालून काही चढणार नाही.

आता पान, ज्याला आम्ही चाळीस वर्षे नुसते घेणारे म्हणून हिणवले.

युरोपात वान हेल्मोंट नावाचे एक विद्वान होऊन गेले. त्यांनी कुंडीत २०० पौंड कोरडी माती तोलून घेतली, त्यात वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन १६४ पौंडांनी वाढलेले. माती पुन्हा वाळवून तोलली तर घटली होती अवघी दोन औंस. त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली हे छापून आले. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्याचे बनते. तो अर्धा बरोबर होता. उरलेला अर्धा त्यांच्या ध्यानात आला नाही, कारण तो हवेत होता. पान हवेतला वायू घेते, ज्याला जुनी पुस्तके कर्बवायू म्हणत आणि नातवाचे पुस्तक कार्बन डायऑक्साइड म्हणते. मुळाकडून आलेले पाणी आणि हा वायू घेऊन, सूर्याच्या जाळावर, हरितद्रव्याच्या चुलीत पान साखर शिजवते. प्राणवायू बाहेर जातो. हे उजेडातच घडते आणि हिरव्या भागातच घडते, असे इंगेनहाउझ यांनी १७७९ साली दाखवून दिले. म्हणजे खोडाचे लाकूड, मुळाची जाडी, फळाचा गर, हे सारे बहुतांशी मातीतून आलेले नाही. ते पानाने शिजवलेले आहे. मुळाने पाणी आणून द्यायचे, मूठभर क्षाराचे मीठ आणून द्यायचे, स्वयंपाक पानाचा. आणि तो झाला की मुळाला वाढायचेही पानानेच. मुळी अंधारात आहे. तिला स्वतःला शिजवता येत नाही.

जाता जाता एक कबुली. पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो, असे आम्ही कीर्तनात सांगत आलो. ते मागे घेतो. उजेड नसेल तर ही चूल पेटत नाही, मग झाड पिंपळाचे असो की बाभळीचे. पिंपळाची थोरवी तेवढ्याने कमी होत नाही. गीतेत भगवंतांनी त्याला आपली विभूती म्हटले, ते प्राणवायू मोजून म्हटलेले नाही.

पिंपळपान लहानपणी वहीत कोणी ठेवले नाही? पाण्यात काही दिवस कुजत घालावे, हिरवे गळून जावे, आणि मागे जाळी राहावी. ती जाळी म्हणजे खोडातल्या त्याच दोन वाटा, पानाच्या कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत आलेल्या. एकही ठिकाण असे नाही की जिथे पाणी पोचत नाही आणि जिथून रस निघत नाही. पानाला लांब देठ असतो, म्हणून वारा नसल्यासारखा असला तरी ते हलते. टोकाला शेपूट असते, पावसाचे पाणी त्यावरून निथळून जाते. आम्ही तासभर त्या जाळीकडे पाहत बसलो तेव्हा घरच्या मंडळींना वाटले, आम्हाला बरे नाही.

पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ वर मूळ आणि खाली फांद्या असा उलटा आहे. माउलींनी त्यावर केवढे निरूपण केले आहे! झाडाला अन्न वरून मिळते हे कळल्यावर आमच्या मनात प्रथम आले की, बघा, ऋषींना हे आधीच ठाऊक होते. पण असे म्हणणे बरे नव्हे. तिथे विषय संसाराचा आहे, वनस्पतींच्या आहाराचा नाही, आणि शास्त्रातून जे निघत नाही ते ओढून काढण्याची सवयच आम्हाला पार बांधायला घेऊन गेली होती. एवढेच म्हणतो की उलटे झाड आता आम्हाला पूर्वीइतके अद्भुत वाटत नाही. समोरचे झाडही थोडेसे उलटेच आहे.

फूल, फळ आणि बीज यांविषयी थोडक्यात. अमरकोशात एक भेद आहे: जे फुलून फळते ते वानस्पत्य, जे फुलावाचून फळते ते वनस्पती. वड, पिंपळ, उंबर ही दुसऱ्या वर्गात. ती न फुलता फळतात असे बाहेरून दिसते खरे. वास्तविक त्यांची फुले फळाच्या पोटात, आतल्या अंगाला असतात. चिलटाएवढी एक माशी बारीक छिद्रातून आत शिरते, तिच्या अंगाबरोबर पराग येतो, आणि आत बी धरते. फुलाचे काम एवढेच, पुढची पिढी ठेवणे. फळाचे काम, ती दूर पोचवणे. पाखरे पिंपळाची फळे खातात आणि बी देवळाच्या शिखरावर टाकतात, मग विश्वस्तांची बैठक भरते.

छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला वडाचे फळ आणायला सांगतात, फोडायला सांगतात, मग त्यातले बी फोडायला सांगतात. काय दिसते? काहीच नाही. त्या न दिसणाऱ्या सूक्ष्मातून हा वड उभा आहे, असा उपदेश. आज भिंगाखाली त्या बियात इवला अंकुर दिसतो, पण तो अंकुर का वाढतो, हा श्वेतकेतूचा प्रश्न भिंगाने सुटत नाही. आम्हाला मात्र तात्यांनी एक घरगुती गोष्ट दाखवली. मटकीला जो मोड येतो तो काय असतो? आम्ही म्हणालो, अंकुर. तात्या म्हणाले, मूळ. बियातून पहिल्याने मूळ बाहेर पडते, पाने मागून. तोवर दोघांनाही बी आपल्या साठ्यातले पोसते. पहिले पान उघडून चूल पेटेपर्यंतची ती शिदोरी.

येथे शंका येईल. मूळ जर पानाचे खाते, तर भागवतातला दृष्टांत खोटा म्हणायचा का?

मुळीच नाही. दृष्टांत पाण्याचा आहे, आणि पाणी मुळाशीच घालावे लागते, हे तेव्हाही खरे, आजही खरे. पानोपानी पाणी शिंपत कोणी झाड जगवीत नाही. खोटे होते ते आमचे शेपूट. मग कोणी पुढे विचारील, मूळ म्हणजे देव आणि पान म्हणजे जीव असे धरले, तर देवाला जीवाकडून काही हवे असते असे होईल. जो पूर्ण आहे त्याला उणे कसले? शास्त्राचा दंडक असा की दृष्टांत सर्व अंगांनी लावायचा नसतो, एका अंशाने घ्यायचा असतो. तेवढे सांगून आम्हाला सुटता आले असते. पण पंढरीच्या वाटेवरच्या माणसाचे तेवढ्याने समाधान होत नाही. पुंडलिकासाठी अठ्ठावीस युगे कोण उभा आहे? जनाबाईबरोबर कोण दळायला बसला? नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी कोणी वाहिले? पूर्णाला उणे नाही, हे वेदांताचे म्हणणे आम्हाला शिरोधार्य आहे. उणे नसताना भूक लावून घेणे ही मात्र आमच्या विठ्ठलाची रीत आहे, आणि ती भूक भागवण्याचे काम त्याने पानाकडे दिले आहे. आम्ही ते काम काढून घेतले होते, पानाला आळशी केले होते. भजन, सेवा, शेजाऱ्याच्या मुखी घास, हे खाली जाणारे अन्न आहे. तारेने आवळलेला माणूस फार हिरवा दिसतो.

पुढचे सांगतो. त्याच सप्ताहात काल्याच्या कीर्तनात, सगळ्या गावापुढे, आम्ही म्हणालो की फरशीचे काम आमच्या सांगण्यावरून झाले, ते चुकले, आणि ते काढले पाहिजे. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. देणगीदार उठून गेले. काहींनी बोलून दाखवले की महाराजांचे वय झाले. विश्वस्तांना पैशाची अडचण वाटे, त्याहून अधिक त्या नावाच्या शिळेची. दोन महिने काही झाले नाही. मग आषाढीहून परतताना आम्ही वाट वाकडी करून गेलो आणि स्वतः पहार घेतली. साठीच्या हातांनी एक फरशीसुद्धा नीट उचकटली नाही, पण मग तरुण मंडळी आली. फरशी निघाली, कोबा फोडला, खालची माती विटेसारखी झालेली. तात्यांनी कुदळ लावू दिली नाही, बारीक मुळ्या तुटतील म्हणून खुरप्याने हलकी केली. वर पालापाचोळा पसरला. खोडाशी नवी माती चढवू दिली नाही. प्रदक्षिणेपुरते दगड मोकळे मांडले, सांधे मातीचे. तार कापली, जी सालीत रुतून गेली होती ती तशीच ठेवली, उपटली तर साल आणखी फाटेल म्हणून. शिळा मंदिराच्या भिंतीत बसवली.

२०१९ च्या वैशाखात शेंडे तसेच वाळलेले. तात्यांनी ते उतरवायला लावले. २०२० साली महामारीमुळे सप्ताह झाला नाही, पायी वारीही निघाली नाही. त्यानंतर गेलो तेव्हा खालच्या फांद्यांवर पालवी भरगच्च होती. वरचा पश्चिमेकडचा भाग गेला तो गेलाच. झाड अर्धे आहे, एका अंगाला कललेले दिसते. तार कापलेली फांदी जगली. गाठ अजून दिसते, मुले तिच्यावर पाय देऊन चढतात. देणगीदार गेल्या वर्षी कीर्तनाला येऊन बसले. आम्ही काही बोललो नाही, त्यांनीही नाही.

मूळसिंचनाचा दृष्टांत आम्ही अजून सांगतो. यंदाही सांगितला. तात्या आता फार थकले आहेत, नातवाच्या खांद्याला धरून येतात, पुढेच बसतात. दृष्टांत संपताच खालून म्हणाले, "महाराज, पानी कुठं घालायचं ते बी सांगा. बाया खोडावर वतत्यात." तेव्हा कीर्तन क्षणभर थांबवून सांगितले की मायबहिणींनो, पाणी खोडावर नको, फांद्यांची सावली जिथे संपते तिथे घाला, बारीक मुळ्या तिकडे आहेत. दुसऱ्या दिवशी पहाटे काकड्याला जाताना पाहिले, तर पिंपळाच्या सावलीच्या कडेने ओल्या मातीचे मोठे कडे पडले होते.